नाटक मंडळ्यांचा ऑर्गन : ठेवावा कीं विकावा ?

वऱ्हाडांतील एकाद्या जुन्या वाड्याची वांटणी निघाली म्हणजे भांडींकुंडीं, सागवानी कपाटें, समया यांचा निकाल लवकर लागतो. अडतें तें एका वस्तूपाशीं. माजघराच्या कोपऱ्यांत चादरीखालीं झांकलेला, छातीइतका उंच, पुढें पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांची लांब ओळ आणि खालीं पायांनीं दाबावयाच्या दोन रुंद फळ्या असलेला तो ऑर्गन कोणासच नको असतो, आणि कोणास टाकवतहि नाहीं. अमरावतीच्या अंबापेठेंतून तो उचलून नव्या सदनिकेंत न्यावा, तर जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकतो. भंगारवाला लाकूड व पितळ तोलून भाव सांगतो. जुन्या शोभेच्या वस्तूंचा व्यापारी चार पैसे अधिक देऊं करतो. घरांतील वडील माणसें मात्र एवढेंच म्हणतात, 'हा नाटकांतला आहे.' त्या तीन शब्दांत काय सामावलें आहे हें समजून घेतल्यावांचून ठेवावें कीं विकावें ह्या प्रश्नाचें उत्तर देणें घाईचें होईल.

हें वाद्य मुळांत इकडचें नव्हे. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें यानें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. त्या वाद्यांत भात्यानें वारा पितळी जिभांवर ढकलला जातो. अमेरिकेंत मात्र या कुळाची जी शाखा फोफावली तिची रीत नेमकी उलट आहे. तेथें पायांनीं चालणारे भाते पेटीच्या आंतील हवा बाहेर काढतात, आंत पोकळी उत्पन्न होते, आणि पट्टी दाबतांच बाहेरची हवा जिभेवरून आंत ओढली जाते. ढकललेल्या वाऱ्याचा स्वर टोंकदार व ताठ असतो, ओढलेल्या वाऱ्याचा गोल व मऊ. इकडे ज्याला ऑर्गन म्हणतात तो बहुधा हा दुसऱ्या जातीचा. बोस्टनच्या मेसन आणि हॅम्लिन या पेढीनें व व्हर्मोंट संस्थानांतील ब्रॅटलबरो गांवच्या एस्टी कंपनीनें असले ऑर्गन मोठ्या प्रमाणावर बनविले. एकट्या एस्टीच्या कारखान्यांतून १९६० सालीं तो बंद होईपर्यंत पांच लाखांहून अधिक बाहेर पडले. ज्या लहान गिरिजाघरांना नळ्यांचा मोठा ऑर्गन परवडत नसे त्यांच्यासाठीं, आणि मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या दिवाणखान्यांसाठीं तो होता. पुढें पियानो स्वस्त झाला, ग्रामोफोन आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत त्याची मागणी ओसरूं लागली. तिकडे तो दिवाणखान्यांतून माळ्यावर चढला. इकडे त्याच सुमारास तो रंगमंचासमोर येऊन बसला.

अण्णासाहेब किर्लोस्करांचें शाकुंतल पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं रंगभूमीवर आलें, आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. आरंभींच्या साथींत सारंगी व तबला हीं प्रमुख होतीं. पुढें पायपेटीनें सारंगीची जागा पुष्कळशी घेतली. १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. टेंबे हे स्वतः पेटीचे थोर वादक, आणि १९११ च्या मानापमान नाटकाच्या चालींचे कर्ते. ऑर्गनला मराठी रंगभूमीवर जी प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः ह्याच मंडळीमुळें. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ अशी ती साथ. स्वयंवर १९१६ चें, एकच प्याला १९१९ चें. ह्या नाटकांतील पदें ज्यांनीं नाट्यगृहांत ऐकलीं त्यांच्या कानांत गाण्याबरोबर हा भरणाहि राहून गेला.

पेटी असतां ऑर्गन कां हवा झाला ? हातपेटी वाजविणाऱ्याचा एक हात भात्यांत गुंतलेला असतो; ऑर्गनवर पाय भाता चालवितात आणि दोनहि हात मोकळे राहतात. हातपेटीच्या पट्ट्या तीन-साडेतीन सप्तकांच्या, ऑर्गनच्या पांच सप्तकांच्या. गुडघ्यानें बाजूला सारावयाची एक दांडी असते. ती जशी सरकवावी तसा आवाज उमलतो किंवा मिटतो. वरच्या फळीवरील गुंड्या ओढून वेगवेगळ्या स्वरजाति मिसळतां येतात. त्यांतील एकींत हवेनें फिरणारें एक लहान पंखें असून तें स्वराला मानवी कंठासारखा कंप देतें. परंतु खरें कारण ह्यांपैकीं एकहि नव्हे. खरें कारण खर्ज. ऑर्गनच्या डावीकडच्या शेवटच्या पट्टीची जीभ सेकंदास सुमारें ४४ वेळां कांपते. आजच्या वाद्यवृंदांतील बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ वेळां. म्हणजे जें काम आतां विजेचा जड ध्वनिवर्धक करतो, तें त्या काळीं दोन पायांच्या बळावर होत असे. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत गायकाचा षड्ज पोंचवावयाचा, तो विंगेकडे वळला, फुलें तोडण्याचा अभिनय करूं लागला, तरी स्वराची जमीन त्याच्या पायांखालून सरकूं द्यावयाची नाहीं, हें काम हलक्या पेटीच्यानें होण्यासारखें नव्हतें.

आणि खर्ज म्हटला कीं वजन आलें. खालच्या स्वराची जीभ लांब व जाड असावी लागते. तिची खोबण मोठी, तिला लागणारा वारा अधिक, म्हणून भाते रुंद, आणि भात्यांचा ताण सहन करणारी चौकट भक्कम. ऑर्गन जड आहे तो कारागिराच्या निष्काळजीपणामुळें नव्हे. त्याचा खर्ज आणि त्याचें ओझें हीं एकाच गोष्टीचीं दोन नांवें आहेत. हलका करावयाचा तर प्रथम खर्जच कापावा लागतो. तसा प्रयत्नहि झाला. एस्टीनें लष्करांतील धर्मोपदेशकांसाठीं पेटाऱ्यासारखे मिटणारे लहान ऑर्गन काढले. एका माणसास तो उचलतां येई. पण डावा हात तळाशीं नेला असतां जें भेटावयास पाहिजे तें तेथें नसे.

हें ओझें वऱ्हाडांत कसें येत असेल याची कल्पना करावयास लोहमार्गाचा नकाशा पुरे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा हीं स्थानकें मुंबईशीं जोडलीं गेलीं. अमरावती मुख्य मार्गावर नाहीं. बडनेऱ्यास गाडी बदलावी लागे. यवतमाळ किंवा अचलपूर गांठावयाचें तर मूर्तिजापुरास रुंद मार्गाच्या डब्यांतून सामान काढून अडीच फुटी अरुंद मार्गाच्या चिमुकल्या डब्यांत भरावें लागे. पडदे गुंडाळतां येतात, पोशाखांच्या पेट्या एकावर एक रचतां येतात. ऑर्गन गुंडाळतां येत नाहीं व रचतांहि येत नाहीं. तो उभाच न्यावा लागतो. मग स्थानकापासून नाट्यगृहापर्यंत बंडी, आणि बंडीच्या प्रत्येक धक्क्याबरोबर आंतल्या जिभांवर धूळ. त्या धुळीचा एक कण जिभेच्या कडेला अडकला कीं तो स्वर मुका होतो. रात्रीं नाटक, दुपारीं मागची फळी उघडून आंकड्यानें एक एक जीभ बाहेर ओढून पुसणें, हा वाद्यवाल्याचा ठरलेला उद्योग असे.

एवढा खटाटोप परवडे, कारण वऱ्हाडांत कापूस होता. दिवाळीनंतर अमरावती, अकोला, खामगांव येथील बाजारांत गाड्या उभ्या राहिल्या, कीं गांवांत रोख पैसा खेळूं लागे; आणि रोख पैशाच्या मागोमाग नाटक मंडळी येणें स्वाभाविकच होतें. ह्या प्रांताची नाटकाची आवड कांहीं पाहुण्यांच्या स्वागतापुरती नव्हती. १९०५ सालीं मुंबईस भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांकडे होतें. रणदुंदुभि हें १९२७ चें गाजलेलें नाटक अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचें. तें रंगभूमीवर आणलें मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीनें. वकील, अडतदार, शाळामास्तर, पेंढीवरचे मुनीम असा तो प्रेक्षक. मागच्या बांकांवरच्या प्रेक्षकास शब्द एकवेळ ऐकूं आला नाहीं तरी चालेल. सूर न आला तर तो तिकिटाचे पैसे परत मागेल. मंडळीच्या मालकापुढें हिशेबाची वही उघडी असतांना ऑर्गनचें भाडें व हमाली त्याला दिसत असणारच. तरीहि त्यानें तो विकला नाहीं, याचें उत्तर त्या मागच्या बांकावर आहे.

संगीतज्ञांना ऑर्गन व पेटी यांविषयीं प्रेम होतेंच असें मात्र नाहीं. पट्टीच्या वाद्यावर स्वर पायरीपायरीनें चढतात. मींड नाहीं, श्रुतींचें सूक्ष्म अंतर नाहीं, आणि बारा स्वरांची विलायती वांटणी रागाला मानवत नाहीं, हा आक्षेप जुना आहे. दिल्लीच्या नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचे अधिकारी असलेले जॉन फाउल्ड्स यांनीं तो मोठ्या तिखटपणें मांडला, रवींद्रनाथांनींहि पेटीविरुद्ध मत दिलें, आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला दार बंद केलें. तें पुढें तीस वर्षें बंद राहिलें. हा आक्षेप खोटा म्हणतां येणार नाहीं. परंतु मैफलीचा न्याय नाट्यगृहास लावणें कितपत योग्य ? ध्वनिक्षेपकासमोर बसून गाणाऱ्यास सारंगी पुरेशी असते. पेट्रोमॅक्सच्या उजेडांत हजार माणसांपुढें उभें राहून गाणाऱ्यास पाठीशीं भिंत लागते. गंधर्व मंडळींत ऑर्गन व सारंगी हीं दोनहि होतीं, हें येथें विसरूं नये. एकानें जमीन धरावी, दुसरीनें मींड घ्यावी, अशी ती वांटणी होती; आणि तिच्यांत संगीतशास्त्रापेक्षां व्यवहारज्ञान अधिक होतें.

नाटक मंडळ्या मोडल्या त्या मुख्यतः दोन आघातांनीं, आणि वऱ्हाडांत ते दोनहि एकदमच बसले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचा भाव कोसळला. १९३१ च्या मार्चांत मुंबईस आलम आरा लागला, पुढच्याच वर्षीं प्रभातचा अयोध्येचा राजा. त्याचे संगीतकार तेच गोविंदराव टेंबे. बोलपटाला ना हमाल लागत ना बैलबंडी. रिळांचे चार डबे आले कीं काम भागलें. नाट्यगृहांत पांढरा पडदा कायमचा ताणला गेला. बालगंधर्वांनींहि प्रभातच्या १९३५ च्या धर्मात्मा चित्रपटांत काम केलें. पण तें त्यांना मानवलें नाहीं, ते परत नाटकाकडे वळले. परत वळावयास गायकाजवळ निदान गळा असतो. ऑर्गनला मात्र मंडळी मोडल्यावर ठिकाण उरत नाहीं. त्यांतच ध्वनिक्षेपक व कर्णे सर्वत्र झाले. मागच्या बांकापर्यंत सूर नेण्याचें ऑर्गनचें मुख्य कामच विजेनें काढून घेतलें. अशा रीतीनें कोणी संगीत विद्यालयाच्या, कोणी भजनी मंडळाच्या, तर कोणी हौशी वकिलाच्या घरीं, असे हे ऑर्गन पांगले. त्यांतलाच एकादा आतां वांटणीच्या यादींत शेवटीं उरला आहे.

आतां त्याचें काय करावें ? विकण्याच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें हसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. आजच्या विजेच्या कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज एका कळीसरशीं निघतो, आणि तें वाद्य कांखेंत मारून दुसऱ्या मजल्यावर जातां येतें. शिवाय वऱ्हाडची हवा ऑर्गनची वैरी आहे. हें वाद्य बनलें तें थंड देशांत. अकोल्यास वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढतो. त्या कोरड्या उष्णतेंत जिभा ज्या फळीवर बसविलेल्या असतात तिला तडा जातो, आणि त्या तड्यांतून हवा शिरली म्हणजे भाते कितीहि चालवा, पोकळी टिकत नाहीं. मग पावसाळा येतो, लाकूड फुगतें, पट्ट्या एकमेकींना अडतात. भात्यांवरचें रबरी कापड कांहीं दशकांनीं कडक होऊन चिरतें. झडपांचें कातडें वाळतें. मऊ बनातीच्या पट्ट्या कसर व उंदीर यांच्या आवडीच्या. न वाजविलेला ऑर्गन सुरक्षित राहतो ही समजूत साफ चुकीची आहे. तो वाजविण्यानें जितका झिजतो त्याहून झांकून ठेवल्यानें अधिक बिघडतो. 'आठवण म्हणून असूं द्या' असें म्हणून चादर पुन्हा ओढणें म्हणजे ठेवणें नव्हे. तें विलंबानें टाकणें आहे.

किंमतीचाहि मोह फार धरूं नये. ज्या देशांत हे ऑर्गन लाखांनीं बनले तेथें ते आजहि पुष्कळ आहेत, आणि तिकडे तर 'घेऊन जा' म्हणून फुकट देण्याची पाळी येते. कांहीं लोक आंतलें यंत्र फेंकून देऊन वरच्या चौकटीचें लिहिण्याचें मेज करतात. इकडचा शोभेच्या वस्तूंचा व्यापारी जो भाव देतो तो अशाच चौकटीचा असतो. नक्षीदार लाकूड त्याला हवें. जिभा त्याला नको.

ठेवण्याच्या बाजूनें मात्र एक गोष्ट अशी आहे कीं जिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होतें. जुनें गाणें तबकड्यांत टिकलें आहे असें मानण्याची संवय पडली आहे. परंतु १९२५ पूर्वींचें ध्वनिमुद्रण विजेशिवाय, केवळ कर्ण्याच्या तोंडांतून होत असे. आणि त्या कर्ण्यास सेकंदाला दीडशें-दोनशें कंपनांखालचे स्वर नीट पकडतां येत नसत. म्हणजे गंधर्व मंडळीच्या ऐन भराच्या काळांत ऑर्गनचा डावा हात जें वाजवीत होता, त्याचा मोठा भाग तबकडीवर उतरलाच नाहीं. ज्या श्रोत्यांनीं त्या जुन्या तबकड्या ऐकल्या असतील त्यांना गळा ऐकूं आला, तान ऐकूं आली. खालची जमीन ऐकूं आली नाहीं. ती ऐकावयाची तर अजूनहि तो लाकडी डबाच उघडावा लागतो. विजेच्या कीबोर्डमध्यें जो ऑर्गन भरलेला असतो तोहि कोणत्या तरी ऑर्गनचा नमुना खरा, पण लहान कर्ण्यांतून त्याचा खर्ज तसाच हरवतो. आणि तो परत मिळवावयाचा तर पुन्हा एक जड ध्वनिवर्धक विकत घ्यावा लागतो. ओझें टळलें असें वाटतें तें केवळ दुसऱ्या दारानें आंत येतें.

तेव्हां निर्णय घराण्याच्या अभिमानावर किंवा भंगाराच्या भावावर सोडण्यापेक्षां वाद्याच्या प्रकृतीवर व घरांतील माणसांवर सोडावा हें बरें. मागची फळी काढून दिवा धरावा. जिभांच्या फळीस लांब तडा नसेल, आणि जिभा जागच्या जागीं असतील, तर बाकीचें सारें दुरुस्त होण्यासारखें आहे. भाता नवीन मढवितां येतो, कातडें बदलतां येतें, मुकी जीभ पुसून बोलकी होते. असला ऑर्गन अगदींच निराधार झालेला नाहीं. अलीकडे कोंकणांत तर तो मुळापासून नव्यानें बनविण्याचें धाडसहि झालें आहे, आणि संगीत नाटकांचे प्रयोग करणारे त्याची साथ आवर्जून घेतात. फळीच फुटली असेल, तर मात्र भावनेच्या भरीं पडून खर्च करूं नये. जिभा निवडून दुरुस्तीच्या कामीं देणें हाच त्या वाद्याचा चांगला उपयोग.

प्रकृति ठीक असेल तर दुसरा प्रश्न : घरांत आठवड्यांतून दोन वेळां तरी त्यावर बसणारें कोणी आहे काय ? असेल तर जिना रुंद करावा लागला तरी चालेल. बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, खिडकीच्या उन्हापासून आड, आणि उन्हाळ्यांत जवळ पाण्याचें भांडें ठेवून तो वऱ्हाडांतहि टिकतो. असा कोणी नसेल तर तो विकावा, आणि त्याचा संकोच बाळगूं नये. नाटक मंडळ्यांच्या काळींहि ऑर्गन एकाच मालकाकडे जन्मभर राहत होता असें नाहीं. मात्र गिऱ्हाईक निवडावें. चौकटीला अधिक पैसे देणाऱ्यापेक्षां खालच्या फळ्यांवर पाय ठेवून आधीं डावीकडची शेवटची पट्टी दाबून पाहणाऱ्यास तो कमी दरानें दिलेला बरा. हा फरक सौदा ठरतांना फार वाटतो. पण चार हमालांची मजुरी वजा जातां तो विशेष उरत नाहीं.

तुकडे करून तर मुळींच विकूं नये. नेतांना जिभा काढाव्या लागल्या तर प्रत्येक खोबणीचा आंकडा कागदावर लिहून त्या कागदाच्या पुडींतच तिची जीभ बांधावी. एका कारखान्याची जीभ दुसऱ्याच्या खोबणींत सहसा बसत नाहीं. आणि खर्जाच्या जाड जिभांपैकीं एक जरी अकोल्याच्या स्थानकावर हरवली, तरी तिची जोडी शोधीत बोस्टनच्या जुन्या बाजारापर्यंत पत्रव्यवहार करावा लागतो.